पडद्यात न मावणारी तोफ

थंडी पडली, हवा कोरडी झाली की देवळालीच्या बाजूने तोफांचा आवाज नाशिकमध्ये स्पष्ट यायला लागतो. आधी खिडकीच्या तावदानांना कळतो, मग आपल्याला. मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणतात. कठड्यावरची कबुतरं एकदम उडतात आणि गिरकी घेऊन पुन्हा तिथेच बसतात. बाहेरगावचा पाहुणा असला तर दचकतो. घरातलं कुणीतरी मान वर न करता सांगतं, "फायरिंग चाललंय," आणि फोडणीत मोहरी टाकतं. इथे वाढलेल्या माणसाला या आवाजाची भीती वाटत नाही. मला तर त्याची ओढ आहे. दुपारच्या सुस्त वेळी तो घुमला की या शहराच्या पाठीशी आणखी एक शहर आहे, आपल्याला न दिसणारं, याची जाणीव होते.

दहा किलोमीटर कापायला आवाजाला जवळजवळ अर्धं मिनिट लागतं. तेवढ्या वेळात तोफेतून सुटलेला गोळा टेकडी ओलांडून बहुधा त्याच्या ठरल्या जागी पडून गेलेला असतो. आपल्या कानावर येते ती होऊन गेलेली गोष्ट. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की तो आवाज पूर्वीसारखा ऐकूच येत नाही. धडाका झाला की मन आपोआप मागे जातं, आत्ता नाही, मघाशी, असं म्हणत.

स्कूल ऑफ आर्टिलरी फाळणीच्या आधीच, १९४१ मध्ये, काकूलहून देवळालीला आलं. नाशिकरोडला तोफखान्याच्या जवानांना घडवणारं आर्टिलरी सेंटर आहे, गांधीनगरला लष्करी वैमानिकांची शाळा आहे, ओझरला मिगपासून सुखोईपर्यंतची विमानं बांधणारा एचएएलचा कारखाना आहे. द्राक्षं आणि कुंभमेळा यांच्या जोडीने हेही नाशिकच आहे. इथल्या कितीतरी घरांत कुणीतरी तोफखान्यात होतं, कुणी कारखान्यात होतं, कुणाचं दुकान कॅम्पात होतं. खंडेनवमीला आपण घरात सुरी, विळी, पाटा मांडून हळदकुंकू वाहतो, तेव्हा तिकडे तोफेला झेंडूची माळ पडते. तोफखान्याच्या जवानाला तोफ म्हणजे निशाण. पायदळाला जसा आपला झेंडा, तशी त्याला आपली तोफ.

अशा गावात माझा भाचा गेल्या दिवाळीत लॅपटॉप घेऊन आला. पुण्यात नोकरी करतो, आणि नोकरीनंतरच्या रात्री दोन मित्रांबरोबर स्वतःचा गेम बनवतो. बंदूक घेऊन धावायचा नव्हे, स्ट्रॅटेजी गेम. नकाशा वरून दिसतो, आपण सेनापती, फौजा हलवायच्या, रसद पोचवायची, शत्रूचा डाव ओळखायचा. त्याला आजचं युद्ध दाखवायचं आहे आणि तेही आपल्या डोंगरांत. आपल्याकडे अलीकडे लढाईचे जे गेम गाजले ते बहुतेक मारधाडीचे. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी 'फौजी' आला, त्यात गलवान होतं. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला. दोन्हींत खेळणारा शिपायाच्या डोळ्यांनी बघतो. सेनापतीच्या डोळ्यांनी बघण्याचा गाजलेला गेम आपल्याकडे दिसत नाही, म्हणून हा मुलगा झपाटून कामाला लागला होता, आणि अडला होता.

त्याचा पहिला अडथळा ऐकून मी थक्क झाले, कारण तो निव्वळ अंकगणिताचा होता. "मावशी, तोफ पडद्यात मावत नाही," तो म्हणाला. एम-७७७ या हॉवित्झरचा पल्ला चोवीस ते तीस किलोमीटर. ही तोफ आणि तिची मोठी बहीण के-९ वज्र, दोघीही ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीतच आपल्या सैन्यात दाखल झाल्या. आता तीस किलोमीटरचा मुलूख एका पडद्यावर दाखवायचा म्हटलं तर रुंदीला १९२० ठिपके असलेल्या नेहमीच्या पडद्यावर एका ठिपक्याच्या वाट्याला साधारण पंधरा-सोळा मीटर येतात. एम-७७७ मारायला मांडली तरी लांबीला दहा मीटरच्या आसपास. म्हणजे सबंध तोफ, तिच्याभोवतीची माणसं आणि गोळ्यांची रास मिळून जेमतेम एक ठिपका. तोफ दिसेल इतकी मोठी केली तर तिचं लक्ष्य पडद्याबाहेर जातं. लक्ष्य पडद्यावर ठेवलं तर तोफ नाहीशी होते.

जुन्या काळाची युद्धं गेममध्ये छान बसली ती यामुळेच. १९९७ साली 'एज ऑफ एम्पायर्स' आला आणि पुढच्या काही वर्षांत कॉलेज रोडच्या नेट कॅफेंत आमच्या ओळखीची निम्मी मुलं संध्याकाळी त्यातच सापडायची. भालाईत, तिरंदाज, हत्ती, तटबंदी. बाण जितका लांब जातो तितकंच माणसाला दिसतं, आणि जितकं दिसतं तितकं पडद्यावर मावतं. मारणारा आणि मरणारा एकाच चौकटीत असतात. पुढे रणगाडे आणि क्षेपणास्त्रं असलेले गेम आले. त्यांच्या कर्त्यांनी एकच तोडगा काढला, तो म्हणजे पल्ला छाटला. त्या गेमांत रणगाडा आपल्या चार-पाच लांबींइतक्या अंतरावर मारा करतो आणि तोफ त्याच्या दुप्पट-तिप्पट. दिसायला विसावं शतक, लढायला अकरावं. हा तोडगा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, खेळ रंगला पाहिजे हे खरंच आहे. पण अंतर गेलं की त्याच्याबरोबर जे जातं ते फार मोठं आहे, आणि ते मला आमच्या शेजारच्या सुभेदारांमुळे समजलं.

सुभेदार मूळचे सिन्नर तालुक्यातले, सगळी नोकरी तोफखान्यात. भाच्याने त्यांना लॅपटॉप दाखवला. त्याच्या गेममध्ये तोफेवर क्लिक करायचं, मग शत्रूवर क्लिक करायचं. तांबडं वर्तुळ उमटतं आणि स्फोट होतो. सुभेदारांनी कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "यात ओपी कुठाय?"

ओपी म्हणजे ऑब्झर्वेशन पोस्ट. तोफ चालवणाऱ्याला लक्ष्य दिसतच नाही. तोफ टेकडीच्या अलीकडे, लपलेली. लक्ष्य टेकडीच्या पलीकडे. मधे कुठेतरी उंचावर एक अधिकारी दोन-चार जवानांसह दगडाआड पालथा पडलेला असतो, दुर्बीण, नकाशा आणि रेडिओ घेऊन. तो सांगतो कुठे मारायचं. कमांड पोस्टमध्ये त्याचा हिशेब होतो, वारा किती, हवेचा दाब किती, दारूगोळ्याचं तापमान किती. मग तोफांना कोन मिळतो. पहिला गोळा जातो. लांबचं लक्ष्य असलं तर तो हवेत मिनिटभरही असतो. तेवढा वेळ ओपीवरचा माणूस डोळ्यांची पापणी न लववता समोर बघत राहतो. गोळा अलीकडे पडला. तो रेडिओवर म्हणतो, "ॲड फोर हंड्रेड." दुसरा पलीकडे पडतो. "ड्रॉप टू हंड्रेड." मग शंभर, मग पन्नास. दोन बाजूंनी अंतर निम्मं निम्मं करत तो लक्ष्याला चिमटीत धरतो, आणि मगच म्हणतो, "फायर फॉर इफेक्ट." त्यानंतर सगळ्या तोफा एकदम बोलतात.

सुभेदार हे सांगत होते तेव्हा त्यांचे दोन्ही हात हवेत होते. एका हाताचा तळवा टेकडी झाला होता आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्यावरून गोळा होऊन जात होती. अलीकडे, पलीकडे, अलीकडे. आवाज हळूहळू खाली गेला होता. माझ्या लक्षात आलं की त्या दोन हातांमधल्या जागेतच आजचं युद्ध आहे. एकाला दिसतं पण त्याच्याकडे तोफ नाही. दुसऱ्याकडे तोफ आहे पण त्याला दिसत नाही. दोघांच्या मधे एक आवाज आहे, खरखरणारा, तुटणारा, आणि त्या आवाजावर विश्वास ठेवून पंचेचाळीस किलोचा गोळा कुणाच्या तरी दिशेने सोडला जातो. कधी आपलेच जवान त्या जागेपासून काहीशे मीटरवर चढत असतात.

१९९९ च्या कारगिल युद्धात द्रासच्या डोंगरांत हेच चाललं होतं. तोलोलिंग १३ जूनला घेतलं, टायगर हिल ४ जुलैला. वर चढणारे जवान आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारे गोळे यांचा मेळ मिनिटांवर घालावा लागत होता. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गोळा नेहमीपेक्षा लांब जातो आणि मैदानी प्रदेशात बसवलेली गणितं चुकतात. ती तिथे, माऱ्याखाली, नव्याने बसवावी लागली. गेममध्ये डोंगरावर उभ्या असलेल्या तुकडीला जास्त गुण मिळतात, एवढ्यावर उंचीचं प्रकरण संपतं. द्रासचा पॉइंट ५१४० हा सुळका २०२२ पासून 'गन हिल' या नावाने ओळखला जातो. देवळालीत शिकून गेलेल्या पिढ्यांचा त्या नावावर हक्क आहे.

याउलट, सगळं दिसणं हा बुद्धिबळाचा धर्म आहे. चौसष्ट घरं, बत्तीस मोहरे, लपवलेलं काही नाही. विदित गुजराथी याच नाशिकमध्ये शिकला, वाढला, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, पुढे २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकला. समोरच्याच्या मनातलं ओळखायचं एवढंच त्याला अंधारातलं काम. पटावरचा घोडा आहे तिथेच आहे याची त्याला खात्री असते. युद्धाच्या सेनापतीला आपलाच घोडा कुठे आहे हे माहीत नसतं. हा फरक पहिल्यांदा गंभीरपणे ओळखला तो प्रशियातल्या राइस्वित्झ बापलेकांनी. बापाने सुरुवात केली आणि लेफ्टनंट असलेल्या मुलाने १८२४ मध्ये सुधारलेला खेळ सेनाप्रमुखांना दाखवला. तो पुढे प्रशियाच्या सैन्यात रुजला. त्यात दोन्ही बाजूंच्या मधे एक पंच असे. खेळाडू आपापले हुकूम कागदावर लिहून त्याच्याकडे देत. हुकूम पोचायला किती वेळ लागेल, वाटेत काय होईल, हे तो ठरवी, आणि ज्या फौजा खरोखर नजरेला पडतील तेवढ्याच नकाशावर मांडी. दोनशे वर्षांपूर्वी, लाकडी ठोकळे आणि फासे घेऊन, त्या माणसांनी न दिसण्याला खेळात जागा दिली होती.

संगणक तर पंच म्हणून आदर्शच. त्याला सगळं माहीत असतं आणि तो थकत नाही. १९९५ च्या 'वॉरक्राफ्ट २' पासून नकाशावर धुकं पसरवणं ही स्ट्रॅटेजी गेमांची रीतच झाली. पण ते धुकं फार आज्ञाधारक आहे. आपला एक शिपाई पुढे गेला की ते लगेच विरतं. त्याने जे पाहिलं ते त्याच क्षणी, बिनचूक, आपल्याला दिसतं. खऱ्या रणात शिपायाने पाहिलेलं सेनापतीपर्यंत पोचायला वेळ लागतो, पोचतं तेव्हा अर्धवट असतं, आणि पोचेपर्यंत शत्रू हललेला असतो. सुभेदारांशी बोलल्यावर भाच्याने हेच करून पाहिलं. तुकड्यांकडून येणारी खबर थोडी उशिरा येईल आणि कधीकधी चुकीची असेल असं त्याने गेममध्ये बसवलं. दहा रणगाडे सांगितले तर सात असतील. पुलाच्या उत्तरेला सांगितले तर पूर्वेला असतील. मित्रांना खेळायला दिलं. सगळ्यांनी एकच तक्रार केली, की गेममध्ये बग आहे.

भाचा हिरमुसला. मला मात्र ती तक्रार महत्त्वाची वाटली. त्या मुलांनी आयुष्यभर जे गेम खेळले त्यांनी त्यांना शिकवलं आहे की वरून बघणारा डोळा खोटं बोलत नाही. तो खोटं बोलला की यंत्र बिघडलं. वीस वर्षांच्या मुलाच्या मनात युद्धाबद्दल हा विश्वास रुजला असेल तर त्याची काळजी करायला हवी. उद्या हीच मुलं मत देणार, बातम्यांवर बोलणार, कुणी गणवेश घालणार.

गेममधल्या वेळेचंही तसंच. नाशिकहून पेठ रस्त्याने थोडं पुढे गेलं की आशेवाडीजवळ रामशेज लागतो. फार उंच नाही, फार अवघड नाही. पावसाळ्यात तासाभरात चढून होतो. १६८२ मध्ये औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला या किल्ल्यावर पाठवलं. किल्ला पाच वर्षांहून जास्त झुंजला. मोगलांनी लाकडी दमदमा उभारला, सरदार बदलले, तोफा आणल्या. वर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मावळ्यांनी झाडांची खोडं पोखरून त्यांवर कातडं चढवून तोफा केल्या, असं खाफीखानाने नोंदवलं आहे. शत्रूच्या बाजूच्या इतिहासकाराने हे लिहून ठेवावं यातच सगळं आलं. शेवटी किल्ला पडला तो पैशाने, फितुरीने. गडावरच्या कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. त्यांच्या काठावर बसलं की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. तिसऱ्या वर्षीच्या आषाढात, खाली धुकं दाटलेलं असताना, वरची माणसं काय खात होती? दळण कुठून येत होतं? दिवसभर काय बोलत होती?

गेममध्ये वेढा पंधरा मिनिटांत सुटतो. तोफ लावायची, तटाचं बळ शंभरावरून शून्यावर येईपर्यंत थांबायचं. पण पाच वर्षं म्हणजे पंधरा मिनिटं गुणिले काहीतरी असा हिशेब होत नाही. लांबणं हेच रामशेजचं शस्त्र होतं. आधुनिक युद्धालाही हे लागू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या तेव्हा काही दिवसांचा खेळ आहे असं कितीतरी जाणकार म्हणत होते. वर्षं लोटली. माणसं खंदकात बसून आहेत. ब्रिटिशांच्या काळात देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई महिनोन्‌महिने पडून असत आणि त्या रिकामपणानेच खचत. युद्धाचा फार मोठा भाग वाट पाहण्यात जातो. वाट पाहणं खेळात आणलं तर खेळणारा उठून जातो, आणि न आणलं तर युद्ध उठून जातं. भाच्याचा हा प्रश्न मला त्याच्या सगळ्या प्रश्नांत अवघड वाटतो, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

रसदीचं आणि पैशाचं थोडक्यात सांगते. गेममध्ये सोनं खाणीतून येतं, नाहीतर आपोआप वाढत राहतं. आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि त्याच नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र आहे. एका बसथांब्यावर दोन्हीकडची माणसं उभी असतात. युद्ध कोणाच्या पैशाने होतं हे समजायला आम्हाला पुस्तक उघडावं लागत नाही.

पण या सगळ्याहून मोठी एक गोष्ट गेममधून गळते, ती म्हणजे रिकामा नसलेला नकाशा. देवळालीच्या गोळीबार क्षेत्रात बहुला नावाचा किल्ला आहे. आंबे बहुला गावाजवळचा. सरावाच्या दिवशी तिकडे फिरकायचं नाही हे गिर्यारोहकांना ठाऊक असतं आणि आसपासच्या गावांना तर पिढ्यान्‌पिढ्या. गुरं कुठवर न्यायची, कोणत्या दिवशी न्यायची नाहीत, माळावर एखादा लोखंडी तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, हे तिथलं पोर चालायला लागलं की शिकतं. शांततेच्या काळात, आपल्याच सैन्याच्या सरावात, माळरानाचा असा एक तुकडासुद्धा रिकामा नसतो. मग युद्धातला कुठला असेल? स्ट्रॅटेजी गेमचा नकाशा मात्र निर्मनुष्य असतो. घरं असतात, ती आडोशाला. शेतं असतात, ती रंगाला. 'धिस वॉर ऑफ माइन' हा २०१४ चा पोलिश गेम याला अपवाद. त्यात खेळणारा वेढलेल्या शहरातला साधा नागरिक असतो, औषध आणि अन्न शोधत रात्री बाहेर पडणारा. तो गेम करणाऱ्यांनी सारायेव्होच्या वेढ्याचा अभ्यास केला होता. त्यांना सेनापतीचा डोळा नाकारावा लागला तेव्हा कुठे युद्ध पडद्यावर आलं. गोंडस रणगाड्यांच्या 'ॲडव्हान्स वॉर्स'ची नवी आवृत्ती २०२२ मध्ये तयार होती. युक्रेनवर हल्ला झाला आणि निन्टेन्डोने ती थांबवली, ती पुढच्या वर्षी बाहेर आली. त्यांनी थांबवली हे मला योग्य वाटतं.

आता जे घडतं आहे त्याने मात्र माझी झोप उडते. इतकी वर्षं गेम युद्धासारखा व्हायचा प्रयत्न करत होते. आता युद्ध गेमसारखं होऊ लागलं आहे. मोबाइलच्या किमतीत होणारा ड्रोन, डोळ्यांवर चष्मा, हातात गेमचाच कंट्रोलर. युक्रेनच्या आघाडीवर दोन्ही बाजूंच्या कित्येक किलोमीटरच्या पट्ट्यात दिवसाउजेडी हलणारी प्रत्येक गोष्ट वरून दिसते. सुभेदारांचा ओपी आता दगडाआड पालथा पडलेला नाही, तो तळघरात पडद्यासमोर बसलेला आहे. आणि युक्रेनमध्ये तुकड्यांना आता गुण मिळतात. मारा झाल्याचं चित्रण पाठवायचं, ते तपासून गुण द्यायचे, आणि त्या गुणांवर नवीन ड्रोन घ्यायचे. जीव वाचवण्यासाठी लढणाऱ्या देशाने हे केलं आहे, त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण माणसाच्या मरणाला गुण लागले की काहीतरी कायमचं बदलतं.

आपल्या दाराशीही ते आलं. मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस आठवा. ७ मेच्या नागरी संरक्षणाच्या सरावाच्या यादीत नाशिक होतं, मनमाड होतं, आमच्या सुभेदारांचं सिन्नर होतं. त्या रात्रींत फोनवर फोन वाजत होते, चित्रफिती येत होत्या, विमानं पडताना, क्षेपणास्त्रं सुटताना. त्यांतल्या काही चक्क गेममधल्या होत्या, आणि सरकारच्या पीआयबीला त्या खोट्या असल्याचं जाहीर करावं लागलं. 'आर्मा ३' या गेमची दृश्यं युद्धाच्या बातम्या म्हणून इतकी फिरतात की तो बनवणाऱ्या चेक कंपनीने २०२२ मध्येच ती ओळखायची कशी हे लोकांना समजावून सांगितलं होतं. त्याच रात्रींत पूंछमध्ये तोफांचे खरे गोळे खऱ्या घरांवर पडत होते आणि माणसं मरत होती. त्याची चित्रं कमी आली. तिथे कुणी वरून चित्रण करत नव्हतं.

आणि ते थांबलं कसं? १० मेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी एका देशाच्या डीजीएमओने, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकाने, दुसऱ्या देशाच्या डीजीएमओला फोन केला. पाच वाजल्यापासून मारा थांबवायचं ठरलं. एक फोन, दोन माणसं. त्यानंतरही काही तास धुसफूस झाली, पण थांबलं. मी आजवर पाहिलेल्या एकाही युद्धाच्या गेममध्ये अशा फोनवर डाव संपत नाही. तिथे समोरचा नकाशावरून पुसला जाईपर्यंत खेळ चालतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीच्या सरावात गोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर गेले. विशीतली मुलं. शत्रू नव्हता, सीमा नव्हती, सराव होता. ती बातमी आली त्या आठवड्यात तावदानं पुन्हा वाजली तेव्हा मी फोडणी तशीच ठेवून गॅस बंद केला होता.

म्हणून माझ्या भाच्याला, आणि पुण्या-नाशिकच्या ज्या कुणा मुलांना आजच्या युद्धाचा गेम करायचा आहे त्यांना, मनापासून सांगते. करा. जरूर करा, कारण तुमच्या पिढीला युद्ध कळायचं असेल तर ते बहुधा पुस्तकातून कळणार नाही. शस्त्रांची यादी नंतर करा. आधी ओपीवरचा माणूस घाला, ज्याला दिसतं पण अर्धंच. खबर उशिरा येऊ द्या, चुकीची येऊ द्या, आणि मित्र बग म्हणाले तरी ती काढू नका. नकाशावरच्या गावांत माणसं ठेवा, त्यांना गुरं चारायला नेऊ द्या. मारण्याचे गुण देऊ नका. आणि सेनापतीच्या टेबलावर एक फोन ठेवा, जो खेळणाऱ्याला कधीही उचलता येईल.